शिकवणी घेणाऱ्यांच्या संघटनेची घटना लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडी, कळवा भागात घरगुती आणि छोट्या शिकवण्या घेणारे तीसेक शिक्षक एकत्र आले आहेत. ना-नफा तत्त्वावर संघटना नोंदवायची आहे. एका सांस्कृतिक मंडळाच्या घटनेची प्रत मिळाली आहे, तिच्यात नाव बदलून चालेल का? किमान फी ठरवण्याचं आणि एकमेकांचे विद्यार्थी न घेण्याचं कलम घालायचं आहे, ते कसं लिहावं? शाळेत नोकरी करणाऱ्या काही शिक्षकांना आणि वाशी-खारघरच्या काही मंडळींनाही सभासद व्हायचं आहे. त्यांचं काय?

नाव बदलून चालणार नाही. सांस्कृतिक मंडळात कुणाचं पोट मंडळावर अवलंबून नसतं. तुमच्याकडे दहावीचं गणित शिकवणारे चौघे एकाच गल्लीत असतील आणि चौघेही सभासद असतील. म्हणजे तुमचे सभासद एकमेकांचे स्पर्धक आहेत. मंडळाच्या घटनेत या गोष्टीचा विचार कुठेच केलेला नसतो, आणि तुमच्या संघटनेतली जवळपास सगळी भांडणं तिच्यातूनच निघणार आहेत.

नोंदणीचं आधी उरकून घेऊ. तुमच्यासारख्या गटाला सरळ रस्ता म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ट्रस्ट म्हणून नोंदणी. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. किमान सात जणांच्या सह्या लागतात. विधानपत्रात, म्हणजे मेमोरँडममध्ये, संस्थेचं नाव, उद्दिष्टं आणि पहिल्या कार्यकारिणीची नावं, पत्ते, व्यवसाय येतात. बाकी सगळं नियमावलीत. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनीही करता येते, पण तीस जणांच्या संघटनेला तिचा वार्षिक कागदोपत्री व्याप झेपत नाही, असं माझं मत आहे.

उद्दिष्टांवर लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात. खरं तर तिथे एकच खबरदारी पुरेशी आहे. 'सभासदांच्या आर्थिक व व्यावसायिक हिताचे रक्षण करणे' हे पहिलंच उद्दिष्ट लिहिलंत तर कार्यालयातून प्रश्न येईल, आणि तो रास्त असेल. सार्वजनिक ट्रस्टचा लाभ जनतेला व्हायला हवा, फक्त सभासदांना नाही. म्हणून शिक्षकांचं प्रशिक्षण, अध्यापनाचा दर्जा, गरजू मुलांना विनामूल्य मार्गदर्शन, सराव परीक्षा, अभ्यासिका हे पुढे ठेवा. आणि हे नुसतं लिहायचं म्हणून लिहू नका, वर्षाकाठी यातलं काहीतरी प्रत्यक्ष करा. मोर्चे, निवेदनं, वाटाघाटी हेच मुख्य काम असेल तर ही चौकट तुमच्यासाठी नव्हे. उद्दिष्टं पुढे बदलायची म्हटली तर १८६० च्या अधिनियमातल्या कलम १२ ची वाट लांबची आहे: दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव प्रत्येक सभासदाकडे, विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, आणि एका महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन-पंचमांश. त्यामुळे उद्दिष्टं थोडी रुंद लिहिलेली बरी.

आता सभासदत्व. सगळा जोर इथे लावा.

पहिला प्रश्न, सभासद व्यक्ती की क्लास? आपल्याकडे नवरा-बायको मिळून शिकवणी घेतात, ती इंग्रजी-समाजशास्त्र बघते, तो गणित-विज्ञान. दोघांना दोन मतं की एक? दुसरीकडे घोडबंदर रोडवर एखाद्या मोठ्या क्लासच्या शाखेत वीस शिक्षक पगारावर असतात. मालकाने वीसही जणांची वर्गणी एका चेकने भरली तर तुमच्या तीस जणांच्या संघटनेची पुढची निवडणूक तिथेच संपली. हे कल्पनेतलं नाही. मी पाहिलेल्या एका व्यावसायिक संघटनेत मार्च महिन्यात एका रात्रीत सभासदसंख्या दुपटीच्या वर गेली. पावत्या सगळ्या लागोपाठच्या क्रमांकांच्या होत्या, अक्षर एकाच हाताचं होतं, आणि एप्रिलमध्ये निवडणूक होती. नियमावलीत याला अडवणारं एकही वाक्य नव्हतं. पुढे दोन गटांनी दोन कार्यकारिणी निवडल्या, दोघांनी धर्मादाय कार्यालयात आपापले बदल अर्ज, म्हणजे नव्या कार्यकारिणीची नोंद घ्या असे अर्ज, टाकले, बँकेने खातं थांबवलं, आणि गरजू मुलांच्या वह्यांचे पैसे त्या खात्यात अडकून बसले.

म्हणून चार गोष्टी स्पष्ट लिहा. सभासदत्व व्यक्तीचं राहील. वर्गणी सभासदाने स्वतःच्या खात्यातून भरायची. मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सभासद झाल्यापासून एक वर्षाने मिळेल, संस्थापक सभासद सोडून. आणि एका क्लासशी मालक, भागीदार किंवा नोकर या नात्याने जोडलेल्या दोनपेक्षा जास्त व्यक्ती एका वेळी कार्यकारिणीवर राहणार नाहीत, त्यात पती-पत्नी धरून. पगारी शिक्षकांना बाहेर ठेवा असं मी म्हणत नाही. संघटनेची गरज उलट त्यांनाच जास्त असते. पण मालकाचं मत त्यांच्या हातून पडू नये.

शाळेत नोकरीवर असलेल्या शिक्षकांना सभासद करू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. असा माणूस तुमच्या नोंदवहीत 'शिकवणी घेणारा' म्हणून सही करतो तेव्हा तो स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या अक्षरात देत असतो, आणि उद्या कुणी तक्रार केली तर तुमची सभासद नोंदवही मागवली जाईल. निवृत्त शिक्षक आनंदाने घ्या. अर्जात एक ओळ ठेवा: 'मी कोणत्याही शाळेत सेवेत नाही, सेवेत रुजू झाल्यास पंधरा दिवसांत कळवीन व माझे सभासदत्व त्या दिवसापासून संपेल.'

थकबाकीचं कलम लिहिताना कायदा काय म्हणतो ते लक्षात घ्या. १८६० च्या अधिनियमाचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, त्याची सभासद म्हणून मोजदादही होत नाही. बहुतेक संघटनांना हे माहीत नसतं. वर्गणीची मुदत नियमावलीत नसेल तर थकबाकी कधीपासून मोजायची यावरच भांडण होतं. माझा आग्रह असतो की तारीख घाला: 'वार्षिक वर्गणी ३० जूनपूर्वी.' जूनमध्ये बॅचेस भरतात, हातात पैसा असतो. मार्च ठेवलात तर परीक्षांच्या गडबडीत कुणी भरणार नाही. आजीव सभासदत्व सुरुवातीला ठेवूच नका. सुरुवातीला चार पैसे जमतात खरे, पण दहा वर्षांनी जे शिकवतही नाहीत आणि ठाण्यात राहतही नाहीत असे मतदार यादीत पक्के बसलेले असतात.

वाशी-खारघरचं उत्तर सोपं आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर-कामोठे पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात. कार्यक्षेत्र 'ठाणे जिल्हा' लिहिलंत तर खारघरचे बाहेर राहतील. 'ठाणे व रायगड जिल्हे' लिहा, नोंदणीकृत कार्यालय ठाण्यात ठेवा. पण दोन वर्षं तरी विभागीय शाखा, शाखाध्यक्ष वगैरे उघडू नका. शाखा म्हणजे वेगळं पावती पुस्तक, आणि वेगळं पावती पुस्तक म्हणजे हिशेब तपासनिसाची डोकेदुखी.

आता तुमची लाडकी दोन कलमं. दोन्ही काढा.

किमान फी ठरवणं हा आपल्या लोकांना हक्काचा विषय वाटतो. रिक्षाचं भाडं ठरतं, मग आमचं का नको, असं मला विचारलं जातं. रिक्षाचं भाडं सरकारी प्राधिकरण ठरवतं, रिक्षावाले आपसात नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(३) नुसार एकाच प्रकारची सेवा देणाऱ्यांनी किंवा त्यांच्या संघटनेने प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे किंमत ठरवली, तर त्याने स्पर्धेला बाधा येते असं गृहीतच धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर स्पर्धा आयोगाने कारवाई करून दंड केलेले आहेत, त्यामुळे आपण लहान, आपल्याकडे कोण बघतंय, असं म्हणू नका. तक्रार करायला मोठी कंपनी लागत नाही, एक चिडलेला पालक पुरतो. 'शिफारस केलेले दर' असं नाव दिलं तरी अर्थ बदलत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'यंदा सगळ्यांनी आठवीचे इतके घ्या' हा संदेश म्हणजे तर तारीख-वेळेसह तयार पुरावा.

'दुसऱ्याचा विद्यार्थी घ्यायचा नाही' हे कलमही त्याच जातीचं. विभाग किंवा ग्राहक वाटून घेणं हेही त्याच कलम ३(३) मध्ये येतं. शिवाय मूल कुणाकडे शिकणार हे पालक ठरवणार, संघटना कोण? पण या मागणीमागे खरं दुखणं आहे, तेही मला ठाऊक आहे. सहामाहीनंतर शेजारचा क्लासवाला पालकांना फोन करतो, 'त्यांच्याकडे पोर्शन मागे आहे' म्हणून सांगतो, आणि पाच मुलं निघून जातात. हे रोखायला आचारसंहिता वापरा. दुसऱ्या शिक्षकाबद्दल खोटी माहिती पसरवणं, संघटनेच्या सराव परीक्षेच्या यादीतले फोन नंबर जाहिरातीसाठी वापरणं, दुसऱ्याचा विद्यार्थी आपला म्हणून निकालाच्या फलकावर लावणं, हे गैरवर्तन ठरवता येतं. तिथे वागणुकीवर बंधन येतं, स्पर्धेवर नाही.

फलकावरून आठवलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवड झाल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो जाहिरातीत वापरू नये, हे त्यात आहे. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये गुणांची हमी न देणं, शिक्षक किमान पदवीधर असणं, विद्यार्थ्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करणं असे मुद्दे आहेत. हे सगळं पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहे. घरात पंधरा मुलं शिकवणाऱ्याला लागू नाही. तरीही फी परतीचा आणि संमतीचा मुद्दा आचारसंहितेत स्वतःहून घ्या. संघटनेचा फलक दारावर असलेल्या शिक्षकाकडे पालक विश्वासाने यावेत असं वाटत असेल, तर त्याला काही अर्थ हवा.

पैशांबद्दल लिहिताना सराव परीक्षा डोळ्यांसमोर ठेवा, कारण वर्गणीपेक्षा मोठी रक्कम तिथूनच येणार. जानेवारीत दहावीची सामायिक सराव परीक्षा घ्यायची, सगळ्यांची मुलं बसवायची, हा ठरलेला कार्यक्रम असतो. आता पेपर कोण काढणार? ज्याने गणिताचा पेपर काढला त्याच्या मुलांना तो आधी समजला, हा आरोप पहिल्याच वर्षी होईल. छपाई अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या प्रेसमध्ये झाली, हा दुसऱ्या वर्षी. म्हणून परीक्षा समिती कार्यकारिणीपासून वेगळी ठेवा, पेपर काढणाऱ्याने आपल्या विषयाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या नाहीत आणि आपलेच विद्यार्थी असलेल्या केंद्रावर पर्यवेक्षण करायचं नाही असं लिहा. हितसंबंधाचं कलम असं असू शकतं: 'ज्या व्यवहारात कार्यकारिणी सदस्याचा, त्याच्या नातेवाइकाचा किंवा त्याच्या क्लासचा आर्थिक संबंध असेल, तो व्यवहार त्याने सभेत आधी जाहीर करावा, त्या विषयावर मत देऊ नये, व इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.' अध्यक्षांच्या क्लासच्या नोट्स संघटनेच्या नावाने विकणं तर पूर्ण बंद. कार्यकारिणीला मानधन नको. खर्च झाला तर पावती जोडून परतावा. शिल्लक सभासदांत वाटता येत नाही, आणि संस्था विसर्जित झाली तरीही नाही. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जाते.

बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या, त्यातली एक खजिनदाराची. पती-पत्नी दोघं एकत्र सही करणारे नकोत. लेखापरीक्षण दरवर्षी, आणि हिशेब तपासनीस सर्वसाधारण सभेने नेमायचा, कार्यकारिणीने नव्हे.

सभांचं गणित तुमच्या धंद्याच्या वेळापत्रकावर बसवा. शिकवणीवाल्यांची सभा संध्याकाळी सहाला बोलावली तर येणारे फक्त निवृत्त. रविवारी दुपारी टेस्ट असतात. रविवारची सकाळ बरी, आणि महिना ऑगस्ट-सप्टेंबर, तोवर ३१ मार्चचे हिशेब तपासून झालेले असतात. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एक-तृतीयांश ठेवा. ती नसेल तर अर्ध्या तासाने तीच सभा त्याच ठिकाणी उपस्थितांवर भरवता येईल, पण नियम दुरुस्ती, हकालपट्टी आणि विसर्जन हे विषय अशा तहकूब सभेत घेता येणार नाहीत. हा अपवाद घातला नाही तर सात जण अर्ध्या तासात संघटना बदलून टाकतात. प्रतिनिधीमार्फत मतदान नको. कार्यकारिणीने वार्षिक सभाच बोलावली नाही तर? एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यावर एकवीस दिवसांत सभा बोलावणं सचिवावर बंधनकारक, आणि त्याने नाही बोलावली तर मागणी करणाऱ्यांनीच बोलवावी, असं लिहा.

सूचना कशी द्यायची तेही लिहा. नेहमीच्या सभांना ईमेल आणि व्हॉट्सॲप चालेल असं नियमावलीत असेल तर वाद कमी होतो. विशेष सभेला मात्र टपाल किंवा हातोहात देऊन पोच. आणि प्रोसिडिंग बुक! पानांवर छापील क्रमांक असलेली बांधीव वही घ्या. इतिवृत्त संपलं की खालच्या मोकळ्या जागेवर तिरपी रेघ मारून सचिव-अध्यक्षांनी सही करायची. दोन सभांमध्ये सोडलेल्या अर्ध्या पानावर नंतर बारीक अक्षरात घातलेला ठराव मी एकापेक्षा जास्त वह्यांत पाहिला आहे. शाईचा रंगही वेगळा असतो, तरी कुणी बघत नाही.

कार्यकारिणीची मुदत तीन वर्षं, एका पदावर लागोपाठ दोनदाच. निवडणूक अधिकारी सभासदांबाहेरचा, मतदार यादी पंधरा दिवस आधी प्रसिद्ध. नवी कार्यकारिणी आली की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा, १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली. उशीर झाला तर माफी मागता येते, पण कारण पटवावं लागतं. शिवाय १८६० च्या कायद्याप्रमाणे वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादीही द्यायची असते. हे काम कुणाचं, ते सचिवाच्या कर्तव्यांत नावानिशी लिहा. बहुतेक संस्था निवडणुका घेतात, हारतुरे होतात, आणि बदल अर्ज कपाटात राहतो. मग दहा वर्षांनी सरकारी नोंदीत अध्यक्ष म्हणून कैलासवासी गृहस्थ असतात.

शिस्तीच्या कलमात आरोपांची लेखी नोटीस, पंधरा दिवसांचा वेळ, म्हणणं ऐकणं, आणि सर्वसाधारण सभेकडे अपील, एवढं आलं पाहिजे. एक विषय मात्र संघटनेच्या समितीकडे जाताच कामा नये. मुलाच्या लैंगिक छळाची तक्रार आली तर 'आधी आपण आपसांत चौकशी करू, क्लासचं नाव खराब नको' असं म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणीही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. नियमावलीत लिहा की अशी तक्रार ज्या पदाधिकाऱ्याकडे येईल तो त्याच दिवशी पोलिसांना कळवेल, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं सभासदत्व चौकशीपर्यंत स्थगित राहील, आणि तडजोड घडवून आणणाऱ्याचं सभासदत्व रद्द होईल. सभेत हे वाचून दाखवताना चुळबूळ होईल. तरी वाचा.

शेवटची दोन किरकोळ. कार्यालयाचा पत्ता सचिवाच्या फ्लॅटचा देणार असाल तर घरमालकाचं आणि शक्य तर सोसायटीचंही ना हरकत पत्र आधी घ्या. निवासी इमारतीत क्लास चालतो म्हणून सोसायटीशी आधीच वाजलेलं असेल, तर दुसऱ्या कुणाचा पत्ता द्या. आणि नगरसेवकांना 'मार्गदर्शक' म्हणून घ्यायचं की नाही असं तुमच्यातल्या एकांनी वेगळं विचारलं आहे. कार्यक्रमाला बोलवा, सत्कार करा. नियमावलीत त्यांच्यासाठी पद निर्माण करू नका, मत तर नाहीच.

मसुदा तयार झाला की सातांच्या सह्यांआधी तो तिसांनाही पाठवा, आणि सभासदत्व, निवडणूक, हितसंबंध या तीन कलमांवर प्रत्येकाची लेखी हरकत किंवा होकार मागवा. जो मोठा क्लासवाला 'एक वर्षाने मतदान' या अटीवर सर्वांत जोरात हरकत घेईल, त्याच्याशी आत्ताच बसून बोला.